संपाची बातमी, डिझेलचा दर आणि तुमच्या गाठी

इचलकरंजीहून भिवंडी, अहमदाबाद, पाली, बालोतरा या लाइनला कापडाच्या गाठी पाठवणाऱ्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या ग्राहकांसाठी

डिझेल चढायला लागलं की आमच्या काउंटरवर दोन प्रश्न ठरलेले. गाडीवाले संप करणार का, आणि त्याआधी माझ्या गाठी निघतील ना? काही जण तिसराही विचारतात: तुमच्या मते संप करावा का? तिन्हींची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवतो. सुरुवात मात्र ई-वे बिलापासून, म्हणजे माल रस्त्यावर नेण्यासाठी जीएसटीखाली काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन कागदापासून करतो, कारण संपाच्या दिवसांत माल अडकतो त्यातला बराचसा रस्त्यावरच्या जमावामुळे अडकत नाही, कागदामुळे अडकतो.

टेम्पोचा नंबर टाकू नका

संपाची तारीख जाहीर झाली की आदल्या संध्याकाळी गोडाऊनसमोर टेम्पोंची रांग लागते. प्रत्येकाला आजच्याच गाडीत जागा हवी असते. घाईत बिल फाडलं जातं, ई-वे बिल निघतं आणि पार्ट-बीमध्ये गाडी नंबर म्हणून त्या टेम्पोचा नंबर जातो. टेम्पो गाठी उतरवून परत जातो. गाठी आमच्याकडे राहतात, पण ई-वे बिलाची मुदत त्या क्षणापासून चालू झालेली असते.

पार्ट-एमध्ये मालाचा तपशील असतो, पार्ट-बीमध्ये गाडीचा. नुसता पार्ट-ए भरला तर मुदत सुरू होत नाही. पार्ट-बीमध्ये पहिल्यांदा गाडी नंबर पडला की ती सुरू होते. दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. भिवंडी सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. सोमवारी संध्याकाळी टेम्पोचा नंबर टाकला तर बिल बुधवारी रात्री बारापर्यंत चालेल. मंगळवारी संप सुरू झाला आणि आठवडाभर चालला, तर गाडी लागेल तेव्हा तुमचं ई-वे बिल कधीच मेलेलं असतं.

मुदत वाढवता येते, पण ती संपण्याआधीचे आठ तास आणि संपल्यानंतरचे आठ तास, एवढ्यातच. मुदत मध्यरात्री संपते, म्हणून ही वेळ दुपारी चार ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. ती हुकली की वाढ नाही. आणि काढल्यापासून २४ तास उलटले असतील तर बिल रद्दही करता येत नाही. एवढं होऊन तशीच गाडी सोडली आणि रस्त्यात तपासणी झाली, तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली माल अडकवून ठेवला जातो आणि कराच्या दुप्पट दंड भरून सोडवायची पाळी येऊ शकते. त्या गाडीत फक्त तुमच्या गाठी नसतात. एका पार्टीच्या कागदासाठी बाकीच्या सगळ्यांचा माल नाक्यावर उभा राहतो, आणि फोन आम्हाला येतात.

म्हणून करायचं एवढंच. ई-वे बिल काढताना पार्ट-ए भरा, ट्रान्सपोर्टर म्हणून आमचा आयडी टाका आणि थांबा. तुमच्या कारखान्यापासून आमच्या गोडाऊनपर्यंतचं अंतर राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरच्या आत असेल, तर त्या टप्प्याला पार्ट-बी लागतच नाही. इचलकरंजी, हुपरी, जयसिंगपूर, कोल्हापूर, सगळं त्यात बसतं. लाइनची, म्हणजे लांबच्या गावाला जाणारी गाडी भरून ताडपत्री बांधली की तिचा नंबर आमचे मुनीम टाकतात. पार्ट-ए काढल्यापासून १५ दिवसांत पार्ट-बी भरता येतो, तेव्हा दोन-चार दिवस आधी काढून ठेवलात तरी नुकसान नाही. टेम्पोवाला "साहेब, नंबर टाकून द्या, रस्त्यात विचारतात" म्हणाला, तर त्याला बिल आणि पार्ट-एची स्लिप द्या.

काही जण म्हणतात, आम्ही नंबर टाकला तर तुमचं काम वाचतं. वाचत नाही, वाढतं. ते काम आमच्यावर सोडा, त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

संप करावा का

या धंद्यात राहून आम्हाला जे दिसतं ते सांगतो.

आधी एक लक्षात घ्या. डिझेलचे पैसे सहसा ड्रायव्हर भरत नाही, मालक भरतो. ड्रायव्हरला पगार आणि ट्रिपचा भत्ता असतो. पण आपल्याकडे बहुतेक गाड्या एक-दोन किंवा पाच गाड्यांच्या मालकांच्या आहेत, आणि त्यातले बरेच स्वतःच स्टिअरिंगवर बसतात. गाडीचा हप्ता, टायर, इन्शुरन्स, टोल हे सगळं ठरलेलं. डिझेल मात्र कधीही बदलू शकतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला आणि जून २०१७ पासून तो रोज ठरवायची पद्धत आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेल शंभरच्या पुढे गेलं, तेव्हा भाडं आधी ठरलेलं आणि गाडी अर्ध्या वाटेत, असे कितीतरी जण होते. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावरच्या कराचं क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही, कुणाला मिळत नाही.

तरीही केवळ डिझेलच्या दरासाठी चक्का जाम करावा, असं आम्हाला वाटत नाही. २० जुलै २०१८ पासून देशभर संप झाला. डिझेल जीएसटीत आणा, टोलची पद्धत बदला, थर्ड पार्टी इन्शुरन्सचा हप्ता कमी करा, अशा मागण्या होत्या. आठ दिवसांनी आश्वासनांवर तो मागे घेतला गेला. डिझेल आजही जीएसटीबाहेर आहे, आणि त्या ऑगस्ट-सप्टेंबरात दर चढतच राहिले. आठ दिवस गाडी उभी राहिली तरी फायनान्सवाल्याने हप्ता सोडला नाही. ज्याच्या दहा-वीस गाड्या आहेत तो तग धरतो, एका गाडीचा मालक उधारीवर जातो. उलट नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरची एक्साइज लिटरला १० रुपयांनी उतरवली आणि मे २०२२ मध्ये आणखी ६ रुपयांनी, तेव्हा कुठलाही देशव्यापी चक्का जाम चालू नव्हता.

संपाने दर कधीच उतरत नाहीत, असंही आम्ही म्हणणार नाही. मे २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या ट्रकवाल्यांनी रस्ते अडवले आणि तिथल्या सरकारला डिझेल स्वस्त करावं लागलं. पण त्या दिवसांत तिथे पंप कोरडे पडले आणि पोल्ट्रीतली कोंबडी खाद्याविना मेली. जानेवारी २०२४ चा आपल्याकडचा संप वेगळा होता. तो ड्रायव्हर लोकांचा होता, हिट-अँड-रनच्या नव्या कलमाविरुद्धचा. स्वतःच्या तुरुंगवासाचा प्रश्न असेल तर माणूस स्टिअरिंग सोडणारच, त्यांना आम्ही नावं ठेवत नाही.

डिझेलचं दुखणं आमच्या मते मुळात भाड्यात आहे. गाड्या जास्त, माल कमी, म्हणून डिझेल चढलं तरी कुणीतरी जुन्याच भाड्यात गाडी लावतो आणि तोच दर बाजारात बसतो. भाडं डिझेलबरोबर हललं असतं तर निम्मे संप झालेच नसते.

डिझेलफरक म्हणजे काय

म्हणून आमच्या दरपत्रकात डिझेलफरकाची ओळ आहे. बोलणी होतात त्या दिवशीचा इथल्या पंपाचा दर आम्ही लिहून ठेवतो. त्यात दोन रुपयांपेक्षा जास्त बदल झाला तरच भाडं बदलतं. वरही जातं, खालीही येतं.

आकडा किती येतो ते पाहा. भरलेली दहाचाकी लिटरला साधारण चार किलोमीटर देते. अहमदाबाद सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे २२५ लिटर. डिझेल पाच रुपयांनी वाढलं तर ट्रिपला ११२५ रुपये जादा. गाडीत १५ टन माल असेल तर क्विंटलला साडेसात रुपये. कापडाच्या बिलात हा आकडा दिसतही नाही, पण गाडीमालकाचा त्या ट्रिपचा नफा त्यात जातो. हा फरक मिळाला तर तो गाडी उभी करत नाही आणि वाटेत दुसरा माल चढवायच्या मागे लागत नाही. याहून स्वस्त भाडं बाजारात मिळतं, हे आम्हाला माहीत आहे. ते कुठून निघतं, एवढं मात्र विचारून घ्या.

संप लागलाच तर

आमच्या गाड्या संपात रस्त्यावर निघत नाहीत. काच फुटली तर बदलता येते, ड्रायव्हरचा डोळा गेला तर येत नाही. "रात्रीची काढा ना एखादी" असा आग्रह कृपया करू नका. दूध, भाजी, औषधं यांना सहसा सोडतात, कापडाला नाही.

तोवर गोडाऊनमधल्या गाठी लाकडी फळ्यांवर, ताडपत्रीखाली राहतात. पावसाळ्यात खालच्या थराला ओल लागू नये म्हणून भिंतीपासून हातभर जागा सोडतो. संपाच्या दिवसांचं गोडाऊनभाडं लावत नाही. संप सुटल्यावर गाड्या बिल्टीच्या, म्हणजे माल घेताना आम्ही देतो त्या पावतीच्या क्रमाने भरतो. जुना ग्राहक असो की नवा, ज्याची बिल्टी आधी त्याचा माल आधी.

तेव्हा शेवटच्या संध्याकाळची वाट न पाहता, बातमी आली की तातडीच्या गाठी वेगळ्या काढून दोन दिवस आधी आणा. पार्टीला ज्यांची घाई नाही त्या तुमच्याच गोडाऊनला राहू द्या. बिल्टी करताना कुठली गाठ आधी जायला हवी ते मुनीमना सांगा, ते पुठ्ठ्यावर लाल खूण करतात. वर्षाचं भाडं बांधून हवं असेल तर डिझेलफरकाचा तक्ता काउंटरवर मागून घ्या. हिशेब समोर बसून करून देऊ.