ठासणीची बंदूक : डावखुरी नेमबाजी

नळीच्या तोंडातून दारू व गोळी भरून ती गजाने ठासावी लागते अशी जुन्या धाटणीची बंदूक डाव्या खांद्याला लावून, डाव्या डोळ्याने नेम धरून चालविण्याची पद्धती. या बंदुकांचा कान (आतली दारू पेटविण्यासाठी नळीला पाडलेले छिद्र), रंजकाचा (पेटवणीच्या बारीक दारूचा) प्याला आणि घोडा (चाप ओढताच आपटणारा भाग) बहुधा नळीच्या उजव्या अंगाला असतात. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूस टेकतो. त्यामुळे पेटते रंजक आणि त्याचा चेहरा यांच्यामध्ये नळी व दस्ता आड येतात. डावखुऱ्याला हा आडोसा मिळत नाही. रंजकाचा भडका त्याच्या गालाच्याच बाजूला होतो आणि कानातून आडवी निसटणारी ज्वाळा नळी पेलणाऱ्या उजव्या हाताच्या अंगाने जाते. डावखुऱ्याची मूळ अडचण नेमाची नसून जाळाच्या बाजूची आहे.

कळ, म्हणजे बार पेटविणारी ही यंत्रणा, उजवीकडे का आली, याविषयी एकमत नाही. अगदी जुन्या हातबंदुकांचा कान नळीच्या माथ्यावर असे. दांडा डाव्या हाताने वा काखेत धरून उजव्या हाताने निखारा किंवा तापलेली तार कानाला लावीत. पंधराव्या शतकात, बहुधा त्याच्या उत्तरार्धात, कान माथ्यावरून कडेला आला आणि त्याला प्याला जोडला गेला. बत्ती देणारा हात उजवा असल्याने कानही उजवीकडेच सरकला, असे काही अभ्यासक मानतात. दुसऱ्या मतानुसार याचे कारण लष्करी कवायत. दाट रांगेत सर्वांचा जाळ एकाच दिशेने जाणे आवश्यक होते. डच चित्रकार याकोब दे घेन याच्या १६०७ मधील कवायत-चित्रांत सारे बंदूकधारी उजव्याच हाताचे दिसतात. परंतु तोडा (धुमसती वात) पकडणाऱ्या नागमोडी पट्टीची पहिली ज्ञात आकृती १४११ च्या सुमाराची मानली जाते, म्हणजे ती या चित्रांहून जवळजवळ दोन शतके जुनी आहे. कवायतीने आधीचीच रीत पक्की केली असावी. म्हणून पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

भारतातील तोड्याच्या बंदुकीचे मूळही वादग्रस्त आहे. १५१० नंतर पोर्तुगीजांच्या गोव्यातून ती पसरली असे एक मत, तर तुर्की धाटणीची बंदूक १५२६ च्या पानिपतच्या लढाईच्या सुमारास बाबराबरोबर उत्तरेत रुजली असे दुसरे. दोन्ही प्रवाह वेगवेगळ्या भागांत शिरले असणे अधिक संभवनीय आहे. डावखुऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, देशी बंदुकीत तोड्याची पट्टी दस्त्याच्या मधल्या खाचेतून पुढे झुकते आणि दस्ता सरळ, अरुंद असतो. प्याला मात्र उजवीकडेच राहतो.

नागपूरच्या इतिहासात तोडा व चकमक (गारगोटीच्या ठिणगीने रंजक पेटविणारी कळ) ही दोन्ही तंत्रे समोरासमोर आली. २६–२७ नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूचे अरब पायदळ तोड्याच्या बंदुकांनी लढले, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींकडे चकमकीच्या बंदुका होत्या. अरबांनी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांपैकी धाकटी काही काळ जिंकली होती. शहरातील मध्यवर्ती संग्रहालयात (स्थापना १८६३), म्हणजे अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. अशा दालनात जुनी बंदूक पाहताना कळ कोणत्या अंगाला आहे, हे अवश्य न्याहाळावे.

डावखुऱ्याला सर्वांत जाचक चकमकीची बंदूक होय. तिच्यात गारगोटीच्या ठिणग्या आणि उघड्या प्याल्यातील भडका दोन्ही चेहऱ्याजवळ होतात. प्याल्यामागे पितळी आडपत्रा बसविणे, रंजक बेताने घालणे, लांब बाही व संरक्षक चष्मा वापरणे हे उपाय आहेत. टोपीच्या बंदुकीत घोड्याच्या आघाताने स्फोटक टोपी फुटून बार उडतो (आघाताने पेटविण्याच्या तंत्राचे फोर्सिथचे एकस्व १८०७, तांब्याच्या टोपीचा जनक कोण, हे अनिर्णित); उघडे रंजक नसते. तिच्यात धोका उरतो तो फुटलेल्या टोपीच्या कपच्यांचा. नळीत तीन आटे (पेचदार खाचा) असलेली १८५३ ची ब्रिटिश एनफिल्ड याच जातीची असल्याने डाव्या खांद्यावरून त्या मानाने सुखाने चालते. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी निशाणाकडेच रोखून किमान मिनिटभर थांबावे. डावखुऱ्याने तर कानाकडे वाकून पाहूच नये.

दस्त्याची घडणही आड येते. उजव्या हातासाठीचा दस्ता किंचित उजवीकडे वळविलेला आणि गालाची उशी डावीकडे असते. डावखुऱ्याला माशी (नळीच्या टोकावरील नेमाची खूण) सरळ रेषेत आणण्यासाठी मान वाकवावी लागते. खरा उपाय म्हणजे आरशातल्यासारखी उलटी घडविलेली बंदूक. जुन्या बंदुकांत ती क्वचितच आढळते. आधुनिक प्रतिकृतींमध्ये लायमन व पेदेरसोली या कंपन्यांनी अशी रूपे काढली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नळीखाली घोडा असलेल्या बंदुकाही बनत. त्या दोन्ही हातांना सारख्याच. हात डावा पण प्रबळ डोळा उजवा असेल, तर उजव्या खांद्यावरून शिकणेच श्रेयस्कर.

ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अस्सल (जुन्या काळातील) व प्रतिकृती असे दोन वर्ग असतात. ३० मिनिटांत १३ बार, त्यांपैकी उत्तम १० धरतात. अस्सल वर्गात डावखुऱ्याला निवडीस वाव थोडा.

भारतात वापरण्याजोगी ठासणीची बंदूक शस्त्र अधिनियम, १९५९ खाली येते. दुरुस्तीनेही न चालणारे पुरातन शस्त्र कलम ४५ नुसार वगळलेले आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख कलम १३ मध्ये आहे. परवाना नागपूर शहरात पोलीस आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी देतात. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाखाली वन्यप्राण्यांच्या शिकारीस सर्वसाधारणपणे बंदी आहे. काळी दारू (सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० भाग) स्फोटके अधिनियम, १८८४ च्या कक्षेत येते. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे.