खोडदच्या डिश कुणाच्या? थोडी मागची हकीकत

नारायणगावजवळच्या खोडदला आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी जीएमआरटी ही दुर्बीण आहे, तिच्यामुळे पुणे-नाशिक रेल्वे नारायणगाववरून नेता येणार नाही असं रेल्वेमंत्र्यांनी सांगितल्यावर त्या पट्ट्यात लोक भडकले, एका दुर्बिणीपायी एवढं काय म्हणून, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण ही दुर्बीण तिथे आली कशी आणि वापरतं कोण, हे फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवात निव्वळ सरकारी नव्हती. होमी भाभांनी 1945 ला मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) काढली ती दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर, तेव्हाच्या मुंबई सरकारनेही हातभार लावला, मग हळूहळू केंद्राने भार उचलला आणि आता संस्था अणुऊर्जा खात्याखाली आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप 1963 मध्ये अमेरिकेतून तिथे आले. ऑस्ट्रेलियाने वापरून झालेल्या 32 छोट्या डिश भेट दिलेल्या, त्या स्वरूपांच्या टीमने कल्याणला लावल्या आणि 1965 पासून सूर्य बघायला लागले, म्हणजे देशातली रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात जुन्या मालावर, तीही आपल्या कल्याणात! मग 1970 ला उटीची दुर्बीण. तिथे डोंगराचा उतारच असा शोधला की तो अक्षांशाएवढा, साधारण 11 अंश, त्यामुळे 530 मीटर लांबीची ती दुर्बीण एकाच अक्षाभोवती फिरवली की तारा तासन्तास पकडता येतो. भारी डोकं!

मग याच टीआयएफआरची जीएमआरटी. खोडदला प्रत्येकी 45 मीटरच्या 30 डिश आहेत, 14 मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या 16 तीन दिशांना, पार 25 किमीपर्यंत पसरलेल्या. पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी लावली, वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. मंजुरी 1987 ची आणि लोकार्पण 2001 चं. एवढी वर्षं लगेच फायदा न दिसणाऱ्या कामावर सरकारने पैसे घातले, हे मला डिशच्या आकारापेक्षा मोठं वाटतं.

2002 पासून बाहेरच्यांनाही दार उघडं. प्रपोजल टाकायचं, कमिटी बघते, चांगलं असेल तर दुर्बिणीवर वेळ मिळतो, मग तुम्ही कुठल्या का देशातले असाना. ठरावीक मुदतीनंतर डेटाही आर्काइव्हमध्ये सगळ्यांना खुला होतो. याचा फायदा काय तर टीआयएफआरवाल्यांनी 2010 ते 2012 मध्ये 150 मेगाहर्ट्झवर जवळपास 90 टक्के आकाशाचा सर्व्हे केला, तो डेटा ह्युब इंटेमा नावाच्या डच खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून नव्याने काढला आणि सहा लाखांवर रेडिओ स्रोतांची (आकाशात जिथून रेडिओ लहरी येतात अशा ठिकाणांची) यादी जगाला फुकट दिली. आपला डेटा बाहेरच्याने वापरला म्हणून काहींना टोचेल, मला तर उलट वाटतं, पडून राहिला असता तर पैसे वाया गेले असते.

घोडं अडतं ते पेपरपाशी. खगोलवाले पेपर arXiv नावाच्या खुल्या वेबसाइटवर फुकट टाकतात, पण बाकी बऱ्याच विषयांत जनतेच्या पैशातून झालेलं संशोधन वाचायला जर्नलला पुन्हा पैसे मोजावे लागतात. त्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही देशभरच्या संस्थांसाठी जर्नल्सची एकत्र वर्गणी भरायची योजना मंजूर केली, तीन वर्षांना 6,000 कोटी, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स. पैसे गेले प्रकाशकांनाच. आणि सुरुवात फक्त सरकारी संस्थांपासून, त्यामुळे घरी बसून वाचणाऱ्या रिटायर्ड मास्तरांना ते पेपर अजूनही बंदच.