लादीच्या मधातला पांढरा गाभा

मार्च सरला की आमच्या गावच्या फाट्यावर रसवंती लागते. वर हिरवी नेट, दोन बाकडी, चरकाला बांधलेले घुंगरू आणि कोपऱ्यात ओल्या बारदान्याखाली झाकलेली बर्फाची लादी. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. सकाळी ऊन तापायच्या आत ऑटोतून लादी उतरते आणि दिवसभर भुशात निजून असते. मागच्या उन्हाळ्यात माझी भाची सुट्टीत आली होती, सातवीतली. रसवंतीवाल्या भाऊंनी टोच्याने लादी फोडली, मोठा तुकडा हातात धरला, आणि तिने विचारलं, "मामा, हे बाजूनं काचेसारखं हाये, मंग मधातच काऊन पांढरं?"

मी तो तुकडा उन्हात धरून पाहिला. बाहेरचा चार बोटं बर्फ इतका नितळ, की त्यातून माझ्या तळहातावरच्या रेषा दिसत होत्या. मध्ये मात्र दुधाळ पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या कडेला केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा, सगळ्या बाहेरून आत, गाभ्याकडे तोंड करून. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर त्या रेघांतच होतं.

पाण्यात हवा विरघळलेली असते. मासे त्याच हवेवर जगतात. पाणी जितकं थंड, तितकी जास्त हवा त्यात मावते: ० अंशाला एका लिटरमध्ये साधारण १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशाला जेमतेम ७.५. म्हणजे गोठण्याच्या वेळी पाणी हवेने भरलेलं असतं. पण बर्फ होताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळी विणतात, प्रत्येक रेणू शेजारच्या चौघांचा हात धरून उभा. या जाळीत प्राणवायूला जागा नाही, नत्राला नाही, मिठाला नाही, चुन्याला नाही. बर्फ पुढे सरकताना या सगळ्यांना आपल्यापुढे ढकलत नेतो. उरलेल्या पाण्यात त्यांची दाटी वाढत जाते, आणि दाटी हद्दीबाहेर गेली की हवा बुडबुडा होऊन सुटते. बर्फ पुढे येतच असतो, बुडबुडाही त्याच दिशेने लांबत जातो आणि सुईसारखा कैद होतो. त्या केसासारख्या रेघा म्हणजे या सुया. बर्फ कुठून कुठे सरकला, ते त्या दाखवतात.

बुडबुड्यातली हवा रंगहीन, बर्फही रंगहीन, तरी दोघे मिळून पांढरे दिसतात. प्रकाश बर्फातून हवेत आणि हवेतून बर्फात जाताना प्रत्येक भिंतीवर थोडा वळतो, थोडा परततो. अशा हजारो भिंती झाल्या की तो सगळीकडे विखुरतो. किसलेला गोळा पांढरा दिसतो तो याच कारणाने, आणि मिठाची पूडही.

घरच्या फ्रिजमधल्या ट्रेचा खडा सगळ्या बाजूंनी एकदम गोठतो. आधी कवच धरतं, मग आतल्या हवेला आणि क्षारांना बाहेर पडायला वाटच उरत नाही. शेवटचा थेंब मध्यभागी गोठतो तेव्हा खड्याची सगळी हवा तिथे कोंडलेली असते. त्यातच पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून कधी खड्याच्या डोक्यावर टेंगूळ येतं, कधी आत तडा जातो.

बरेच जण सांगतात, पाणी दोनदा उकळा, बर्फ काचेसारखा होईल. उकळल्याने हवा कमी होते हे खरं, पण थंड होता होता पाणी परत हवा ओढून घेतं. शिवाय आमच्याकडच्या जड पाण्यात उकळल्यावर चुन्याची पांढरी कणी तयार होते, ती गाळली नाही तर खड्यात जाऊन बसते. मी करून पाहिलं आहे. फरक पडतो, पण थोडा. बर्फ नितळ होणार की नाही हे मुख्यतः तो कोणत्या दिशेने गोठतो यावर ठरतं. एका बाजूने गोठवा, दुसरी बाजू उघडी ठेवा, म्हणजे बर्फाने पुढे ढकललेल्या हवेला जायला जागा मिळते.

थंड मुलखातली तळी हेच करतात. थंडी वरून येते, बर्फ वरून खाली जाड होतो, आणि हवा व क्षार खालच्या अथांग पाण्यात निघून जातात. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने असाच तळ्याचा बर्फ कापून जगभर विकला. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'टस्कनी' जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोहोचलं, तेव्हा त्यातला जवळपास १०० टन शिल्लक होता. चार महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून! पुढच्याच वर्षी मुंबईतही हा बर्फ उतरला. या धंद्यात बर्फ टिकवायला लाकडाचा भुसा वापरत, आमच्या फाट्यावरच्या भाऊंकडे असतो तोच. भुशाच्या कणांमध्ये अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. तीच हवा खड्यात कोंडली की बर्फ पांढरा करते, आणि भुशात कोंडली की बर्फ वाचवते, हे मला फार आवडतं.

कारखान्यातली लादी मिठाच्या पाण्याच्या हौदात उभ्या केलेल्या पत्र्याच्या डब्यांमध्ये गोठते. हौदातलं मिठाचं पाणी शून्याखाली सुमारे १० अंश असतं. मीठ असल्यामुळे ते स्वतः गोठत नाही, पण डब्याला चारही बाजूंनी गारवा देतं. म्हणून बर्फ भिंतींकडून आत सरकतो. चांगले कारखानदार डब्याच्या मध्ये नळी सोडून हवा फुंकत राहतात. ऐकायला उलटं वाटतं, पण त्या फुंकण्याने पाणी ढवळत राहतं, आणि बर्फाला चिकटू पाहणारे बारीक बुडबुडे धुऊन निघतात. शेवटी मध्ये जे गढूळ, क्षारांचं पाणी उरतं ते उपसून तिथे ताजं भरलं तर गाभाही बराच स्वच्छ होतो. ही शेवटची मेहनत टाळली की लादीच्या पोटात तो पांढरा पट्टा राहतो.

आता घरगुती यंत्राकडे येतो, कारण माझ्या मोठ्या भावाने नागपूरहून ते आणलं, आणि घरी त्याच्याभोवती रोज संध्याकाळी दरबार भरू लागला. आकाराने ते मोठ्या मिक्सरच्या खोक्याएवढं. आत चौकोनी खणांची उभी थंड पत्री. तळच्या टाकीतलं पाणी छोटा पंप वर उचलतो आणि पत्रीवरून सोडतो. पाणी वाहता वाहता त्यातला थोडा भाग पत्रीला धरतो, बाकीचं खाली जातं आणि परत वर येतं. बर्फ पत्रीकडून बाहेर, एकाच दिशेने वाढतो, आणि समोरून पाणी सतत धावत असल्याने हवा व क्षार तिथे टिकत नाहीत. थर पुरेसा जाड झाला की एक झडप उघडते आणि कॉम्प्रेसरमधला गरम वायू त्याच नळ्यांत शिरतो. पत्रीला चिकटलेला कागदाएवढा थर वितळतो आणि सगळी चकती खडखडत टोपलीत पडते. माझी आई हा आवाज ऐकायला खुर्ची ओढून बसायची.

टाकीत शेवटी उरलेलं पाणी टाकून द्यावं लागतं. तिकडे लक्ष दिलं नाही, तेच पाणी फिरवत ठेवलं, की दोन-तीन फेऱ्यांनी खडे धुरकट यायला लागतात आणि पत्रीवर चुन्याचा थर बसतो. बाजारात याहून स्वस्त यंत्रं आहेत, ज्यांत धातूची गार बोटं साचलेल्या पाण्यात बुडतात. ती दहा मिनिटांच्या आत-बाहेर पोकळ खडे देतात. पण पाणी स्थिर आणि गोठणं घाईचं, म्हणून खडे पांढरटच निघतात. आणि या दोन्ही प्रकारच्या साध्या यंत्रांत टोपली फ्रीजर नसते. खडे तिथे वितळतात आणि पाणी परत टाकीत जातं. साठवायचे तर काढून फ्रीजरमध्ये ठेवायचे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये यंत्राने उत्तम काम केलं. मेच्या मध्याला दुपारी ते हरलं. चकती पातळ यायची, कॉम्प्रेसर गरम होऊन बंद पडायचा. भावाला वाटलं, फसवलं गेलो. मी मागची पट्टी वाचली. त्यावर हवामानाचा वर्ग 'एसटी' लिहिला होता. हा वर्ग म्हणजे आजूबाजूची हवा १६ ते ३८ अंश असेल तर यंत्र नीट चालेल, असं सांगणं. त्यापुढचा 'टी' वर्ग ४३ अंशांपर्यंतचा. बर्फ करणारं यंत्र थंडी तयार करत नाही. ते पाण्यातली उष्णता उचलून मागच्या जाळीतून खोलीत टाकतं. खोलीच ४४ अंश तापलेली असेल तर ती उष्णता जाणार कुठे? अमरावती-अकोल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४७ च्या वर जातो. विदर्भात असं यंत्र घेणाऱ्याने किमतीआधी ही दोन अक्षरं पाहावीत, असं मी कळकळीने सांगतो. आम्ही मग ते पहाटे चारला लावायला लागलो, आणि ते परत कामाला आलं.

आणखी एक गोष्ट कामी आली, ती म्हणजे माठ. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायला एक कॅलरी काढावी लागते, आणि शून्याला आलेलं पाणी गोठवायला तब्बल ८०. गच्चीवरच्या टाकीतलं ४० अंशांचं पाणी घेतलं तर ग्रॅममागे १२० कॅलरी. माठातलं पंचविशीच्या आसपासचं घेतलं तर १०५. आठवा हिस्सा काम माठाने फुकटात केलं, तेही विजेशिवाय. आपल्याकडची हवा कोरडी म्हणून माठ इतका गार होतो.

यंत्र नसलं तरी अडत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅम्पर इंग्लिश नावाच्या लेखकाने सहलीला नेतात ती झाकणाची थंड पेटी झाकण काढून फ्रीजरमध्ये ठेवली आणि तळ्याचाच प्रयोग घरात केला. आम्ही त्यासाठी पोळ्यांचा कॅसरोल घेतला. त्याच्या भिंतींत फोम असतो, म्हणून थंडी फक्त उघड्या तोंडातून शिरते. एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याचा तळही गोठवत असतो, तेव्हा कॅसरोलखाली थर्मोकोलचा तुकडा ठेवायचा. पाणी दोन-तृतीयांश भरायचं, झाकण लावायचं नाही आणि पूर्ण गोठू द्यायचं नाही. एका दिवस-रात्रीत साधारण तीन-चार बोटं जाडी मिळते. वीज किती वेळ होती त्यावर हे पुढे-मागे होतं. घाई चालत नाही, कारण वरचा बर्फ स्वतःच पांघरूण होतो आणि पुढचं गोठणं मंदावतं. ऑस्ट्रियाचे जोसेफ स्टीफान यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस ध्रुवीय समुद्रावरच्या बर्फासाठी हे गणित मांडलं: दुप्पट जाडीला जवळपास चौपट वेळ. आमच्या कॅसरोलला हिशोब इतका काटेकोर लागू होत नाही, पण मंदावणं मात्र स्पष्ट दिसतं.

भाचीने पहिला प्रयोग विहिरीच्या पाण्याचा केला, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. नळाला धरणाचं पाणी येण्याआधी आमच्या आयांनी पिण्यासाठी मैलोन् मैल घागरी वाहिल्या. पोरीने दुसऱ्या दिवशी वरची चकती उचलली, धुतली, वितळवली, आणि एका वाटीत ते पाणी, दुसरीत तळाशी न गोठता उरलेलं पाणी घेतलं. जिभेच्या टोकावर थेंब ठेवताच तिने तोंड वाकडं केलं ते दुसऱ्या वाटीला. पहिलं पाणी खारं लागलंच नाही असं नाही, पण मूळ विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी गोडं. फिल्टरवाल्याकडच्या क्षार मोजायच्या मीटरनेही तेच सांगितलं. आर्क्टिकमधले लोक जुन्या समुद्री बर्फाचं पाणी पितात ते याच आधारावर: वर्षानुवर्षांत त्यातलं मीठ निथळून गेलेलं असतं.

इथे एक धोका सांगायलाच हवा. क्षार कमी झाले म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं नाही. थंडीने जंतू सगळे मरत नाहीत, बरेचसे झोपतात आणि ग्लासात जागे होतात. काचेसारखी नितळ लादी अस्वच्छ पाण्याचीही असू शकते. मासळी, भाजी थंड ठेवायचा बर्फ लोकांच्या पेयात जाऊ नये म्हणून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायला सांगितलं. तेव्हा निळसर लादी दिसली तर रस बिनबर्फाचा मागावा. घरी करताना पाणी आधी पिण्याजोगं करून घ्यावं, मग गोठवावं.

नितळ बर्फ हळू वितळतो, असा दावा विक्रेते करतात. वितळायला लागणारी उष्णता तीच आहे, ग्रॅमला ८० कॅलरी. मोठा खडा जास्त टिकतो तो मोठा असल्याने: आठ छोट्या खड्यांचा मिळून जितका पृष्ठभाग, त्याच्या निम्माच तेवढ्याच बर्फाच्या एका मोठ्या खड्याचा. मला हा बर्फ आवडतो तो डोळ्यांना आवडतो म्हणून, आणि तेवढं कारण पुरे आहे.

दुसरा प्रयोग उकळून गाळलेल्या नळाच्या पाण्याचा होता. चकती दहा मिनिटं बाहेर ठेवली, नाहीतर सरबताच्या धक्क्याने ती तडकते. करवती सुरीने खाच पाडली, वर लाटण्याचा हलका ठोका दिला आणि दोन बोटं जाडीचा तुकडा निघाला. भाचीने तो पाण्याच्या ग्लासात टाकून आजीपुढे ठेवला. प्रकाश वळवण्याचं बर्फाचं माप १.३१, पाण्याचं १.३३, म्हणजे जवळपास सारखंच. त्यामुळे पाण्याखालचा बर्फ दिसेनासा झाला, वर फक्त एक ओली कडा चमकत होती. आईला मोतीबिंदूच्या चष्म्यातून तीही दिसली नाही.

"बर्फ टाकतो म्हणे, कुठी हाये?" म्हणत तिने ग्लासात बोट बुडवलं. बोट टणक बर्फावर आपटलं, आणि ती किती तरी वेळ ते तिथेच धरून बसली.