संसाराला लागणे (मराठवाडा)

संसाराला लागणे : लग्न, नांदायला जाणे, पहिले लेकरू, स्वतःची कमाई आणि वेगळी चूल या टप्प्यांतून तरुण मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या घराची होते, त्या वाटचालीला बोलीत असे म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठ जिल्ह्यांत गेल्या तीन पिढ्यांत या टप्प्यांचे वय, क्रम आणि त्यांतील अंतर बदलले. लग्ने उशिरा होऊ लागली आणि म्हणून कुटुंबे लहान झाली, असा सरळ हिशेब इथे मात्र जुळत नाही. कुटुंबे लहान झाली हे खरे. पण पुष्कळ घरांत मुलीच्या लग्नाचे वय होते तिथेच राहिले.

आजीच्या पिढीत लग्न आणि संसार या दोन वेगळ्या घटना होत्या. लग्न लहानपणी लागे, मुलगी माहेरीच राही आणि न्हाण आल्यावर तिला नांदायला पाठवत. ब्रिटिश हिंदुस्थानात 1930 पासून लागू झालेल्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय 14 ठरवले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे या कायद्याचा अंमल नव्हता. संस्थान सप्टेंबर 1948 मध्ये भारतात आले. सोयरीक शक्यतो माहितीतल्या घरात, मामाच्या मुलीला पहिला मान. अनेक शेतकरी व कष्टकरी जातींत मुलाकडून मुलीच्या बापाला देज, म्हणजे मुलीचे मोल, मिळे, आणि विधवा किंवा सोडलेल्या बाईचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागे. नवऱ्याची कमाई हा प्रश्न सोयरिकीत फारसा नसे, कारण वावर (शेत) सगळ्यांचे एकच असे. वेगळी चूल फार पुढची गोष्ट. बहुधा म्हातारा गेल्यावर, भावाभावांत वाटणी झाल्यावरच ती पेटे.

आईच्या पिढीत हे दोन टप्पे एकमेकांना चिकटले. शारदा कायद्यातील 1978 च्या दुरुस्तीने मुलीचे वय 18 आणि मुलाचे 21 झाले. लग्न न्हाणानंतर होऊ लागले आणि मुलगी मांडवातूनच सासरी जाऊ लागली. 1972 च्या दुष्काळाने याच पिढीला गावाबाहेर काढले. रोजगार हमीची कामे, कारखाने, पुणे-मुंबई असे रस्ते फुटले. देज मागे पडून हुंडा आला, तो 1961 च्या बंदी कायद्यानंतरही वाढतच गेला. बापाचे गणित त्यामुळे उलटे फिरले : मुलगी जितकी मोठी आणि शिकलेली, तितका शिकलेला नवरा शोधावा लागणार आणि तितका हुंडा चढणार.

मुलांची संख्या याच काळात घटू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, 1992-93 मध्ये 2.9 होता, तो 2019-21 मध्ये 1.7 वर आला. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झालेल्यांना पंचायत निवडणुकीत अपात्र ठरवणारा नियमही गावात चर्चेचा झाला, पण त्याचा दाब मुख्यतः पुढारी घरांवर. बाकीच्यांनी मुले थांबवली ती बाईच्या नसबंदीच्या ऑपरेशनने; पुरुष नसबंदी नावापुरतीच. सतरा-अठराव्या वर्षी लग्न, लगोलग दोन बाळंतपणे, मुलगा झाला की ऑपरेशन, असा क्रम रुळला. तेवीस-चोवीस वर्षांच्या बाईची मुले होऊन संपलेली असतात. आजीचे बाळंतपणाचे वय वीस-पंचवीस वर्षे चाले, नातीचे पाच-सात वर्षांत उरकते. बदल उशीर करून नव्हे, आवरते घेऊन झाला. सरासरीच्या आकड्यात हे दिसत नाही.

2019-21 च्या त्याच सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के होते. परभणीत ते सुमारे 48, तर बीडमध्ये 44 टक्क्यांच्या आसपास. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गावात ग्रामसेवकावर ही लग्ने रोखण्याची जबाबदारी आहे, आणि लग्नाची तिथी त्याच्यापासून लपवण्याची जबाबदारी बाकी सगळ्यांवर, असे चेष्टेने म्हणता येईल.

यामागे ऊसतोडीचा मोठा हात आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. म्हणजे लग्न झालेल्या पोराची उचल मोठी. दुसरीकडे आई-बाप पाच-सहा महिने कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) जाणार, तर वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतोच. एकाला जोडीदार हवा, दुसऱ्याला काळजी मिटवायची, सोयरीक जुळते. बाळंतपण झाल्यावर बाई महिन्या-दोन महिन्यांत उसाच्या फडात उभी राहते. बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचे 2019 मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले. लवकर सुरू होऊन लवकर संपणाऱ्या संसाराची ही दुसरी बाजू आहे.

मुलाचे वय मात्र वरच सरकत गेले. राज्यातील सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर उरली. वाटणीनंतर दोन-तीन एकरांवर आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला आज कुणी पोरगी सहजी देत नाही. मुलीकडच्यांचे प्रश्न ठरलेले : नोकरी काय, पुण्यात खोली आहे का, आणि शेतीही असेल तर बरे. स्वतः शेतकरी असलेला बापच शेतकरी जावई नको म्हणतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत संभाजीनगर किंवा पुण्यात सात-आठ वर्षे घालवलेले तिशीतले मुलगे प्रत्येक गावात आहेत. त्यात मुलीही कमी. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. या मुली आता लग्नाच्या वयाला येत आहेत. त्यामुळे एकाच घरात सतराव्या वर्षी सासरी गेलेली बहीण आणि बत्तिसाव्या वर्षी बायोडाटा घेऊन फिरणारा भाऊ ही जोडी आता नवलाची राहिलेली नाही. काही ठिकाणी नवरी मिळावी म्हणून उलट मुलाकडूनच खर्च होतो. म्हाताऱ्या माणसांना त्यात देज आठवते, पण नाव कुणी घेत नाही.

शिकलेल्या मुलींची वाट निराळी आहे. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये उघडली आणि लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांनी मुलींनाही वैद्यकीय-अभियांत्रिकीकडे नेले. त्यांची लग्ने पंचविशीनंतर होतात, मामाच्या घरी त्या क्वचितच दिल्या जातात, आणि वेगळी चूल भांडणानंतर नव्हे तर पहिल्या दिवसापासूनच शहरातल्या भाड्याच्या घरात असते. सासू-सासरे गावी शेत राखतात, नातवंड झाले की सांभाळायला पाळीपाळीने येतात. पहिले बाळंतपण माहेरी ही रीत मात्र तिन्ही पिढ्यांत टिकली. फक्त आता माहेर म्हणजे पुष्कळदा आईनेच लेकीच्या खोलीवर येऊन राहणे.