१८७०च्या पानावर ‘मुलगा’ शोधू नका

१८८०ची अमेरिकी शिरगणती ज्यांनी चाळलीय त्यांना नव्याने सांगायला नको: प्रत्येक नावापुढे कुटुंबप्रमुखाशी नातं असतं, लग्नाची स्थिती असते, आईबापांची जन्मस्थळं असतात. घोळ होतो तो दहा वर्षं आधीच्या पानावर. १८७०त नात्याचा रकानाच नाही. तरी कॅन्ससमधल्या सहा वर्षांच्या पोराला ऑनलाइन वंशवृक्षात ‘मुलगा’ म्हणून चिकटवायचं आणि खाली पुरावा म्हणून १८७० लिहून मोकळं व्हायचं, हा प्रकार थांबत नाही. ते पान फक्त एवढंच सांगतं की १ जूनला पोर त्या घरात राहत होतं. भाचा असेल, बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं असेल, न्यूयॉर्कहून अनाथ मुलांच्या गाडीतून आलेलं असेल. १८५४पासून मुलं अशी पश्चिमेकडे पाठवली जात होती. आडनावावर तर जाऊच नका. प्रगणक पुष्कळदा वरच्या आडनावाखाली सरसकट वरीलप्रमाणेच्या खुणा मारत सुटायचे. मी अशा पोराचे आईबाप कोरेच ठेवते.

बरं, १८८०त ‘मुलगा’ सापडला म्हणून निर्धास्त होणारेही चुकतात. ते नातं कुटुंबप्रमुखाशी, म्हणजे बहुधा बापाशी. त्याची बायको हीच पोराची आई, असं कुठे लिहिलंय? बाळंतपणात बायको गेली की पदरी लहान पोरं असलेला शेतकरी लवकरच दुसरं लग्न करी. म्हणून पानाचं उजवं टोक बघा, तिथे आईचं जन्मस्थळ आहे. समजा, बाईच्या स्वतःच्या ओळीत जन्मस्थळ स्वीडन. थोरल्या दोघांच्या ओळीत आईचं जन्मस्थळ ओहायो, धाकटीच्या ओळीत स्वीडन. मग थोरल्यांची आई बहुतेक वेगळी. बाईच्या ओळीसकट सगळीकडे ओहायोच आलं, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, विवाहनोंदी उघडा आणि लग्न थोरल्याच्या जन्माआधीचं की नंतरचं ते पाहा.

स्पेलिंग, वयातला वर्षा-दोन वर्षांचा फरक यांवर भांडण्यात अर्थ नाही.

जन्मदाखल्याची आशा धरू नका. कॅन्ससात राज्यभर जन्मनोंद सुरू झाली १९११त. १८९०च्या शिरगणतीची पानं १९२१च्या आगीपायी जवळपास सगळी गेली आणि १९००पर्यंत पोर घर सोडून गेलेलं असतं. मधल्या काळासाठी कॅन्सस राज्याची १८८५ची गणती काढा. नातं तिच्यातही नाही, पण ‘कॅन्ससात कुठून आलात’ हा रकाना आहे. बापाच्या पहिल्या लग्नाची नोंद आधी त्या रकान्यातल्या राज्यात शोधायची.