स्टे मिळाला म्हणजे केस जिंकली? नाही!

गडग्यावरून (हद्दीच्या दगडी कुंपणावरून) भाऊबंद कोर्टात जातात, एकाला स्टे मिळतो आणि राजापूर-देवगडकडे लगेच बातमी फिरते: 'केस जिंकलो!' तसं नसतं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या ऑर्डर ३९ खालचा स्टे, म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम, सांगतो एवढंच, की निकालापर्यंत आंब्याची कलमं तोडू नका, गडगा हलवू नका. तो देताना कोर्ट बघतं: प्रथमदर्शनी केस आहे का, गैरसोय कोणाची जास्त, भरून न येणारं नुकसान होईल का. मालकी ठरते ती पुरावा झाल्यावरच. समोरच्याला न ऐकता स्टे दिला असेल, तर स्टेचा तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो (कागदावर तरी!). पण स्टे मोडलात, तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.