मराठी भयकथा वाड्यात शिरली तेव्हा

भुतांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. पिंपळावरचा मुंजा, विहिरीजवळची हडळ, रात्री वाट चुकवणारा चकवा, कोकणातला देवचार, आणि या सगळ्यांचा राजा वेताळ. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली. पण ही सगळी मंडळी होती तोंडी गोष्टींत, ओसरीवर आणि शेकोटीभोवती. छापील पुस्तकातलं भय मात्र बराच काळ बाहेरून येत राहिलं. मराठी रहस्य-भयकथेचा इतिहास म्हणजे या दोन भीतींची गाठ पडायला किती वर्षं लागली, त्याचाच इतिहास आहे असं मला वाटतं.

छापील भय आलं ते रेनॉल्ड्सचं बोट धरून. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४-१८७९) या इंग्रज कादंबरीकाराला हिंदुस्थानात अफाट वाचक मिळाले. गो. ना. दातारशास्त्रींनी त्याची कथानकं घेऊन 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष', 'इंद्रभुवनगुहा' अशा कादंबऱ्या रचल्या. माणसं, गावं, रीतिरिवाज सगळं इथलं करून टाकलं. रूपांतर असावं तर असं! तरीही ती भुयारं आणि ते गुप्त दरवाजे जुन्या काळातले. पुस्तक मिटलं की भीती भुयारातच राहायची.

ती मुंबईच्या रस्त्यावर आणली बाबूराव अर्नाळकरांनी. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६ चा. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि त्याची विजया, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही माणसं कित्येक घरांत नातेवाइकांसारखी ओळखीची होती. या पुस्तकांचा घाट ठरवला तो वाचनालयांनी. पुस्तक विकत घेणारे थोडे, दिवसाच्या भाड्यावर नेणारे फार. आज नेलेलं उद्या परत करायचं, म्हणजे एका बैठकीत संपलं पाहिजे. म्हणून पुस्तक लहान, वाक्यं तुटक, आणि पहिल्या पानापासून धावपळ.

आमच्या गल्लीतल्या वाचनालयातली प्रत अजून डोळ्यांसमोर आहे. खाकी कव्हर, दोऱ्यानं टाचलेला कणा, आणि कोपरे बोटांच्या तेलकटपणानं काळवंडलेले. आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवलेली. तरी मी ते शेवटपर्यंत वाचलं, कारण खुनी कोण यापेक्षा झुंजार यातून सुटतो कसा, हेच बघायचं असायचं. या लेखनाला 'वेळ घालवण्याचं साहित्य' म्हणून बाजूला सारलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्यांनी एरवी पुस्तक हातात धरलं नसतं, अशा किती माणसांना अर्नाळकरांनी वाचायला लावलं!

पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास आले. दिवाळीत 'धनंजय'सारखा अंक रहस्य आणि गूढकथांसाठी राखलेला असे.

पण ती गाठ घातली नारायण धारपांनी (१९२५-२००८). विज्ञान शिकलेला हा पुण्याचा माणूस, आणि लिहायला बसला की भीती थेट माजघरात आणून सोडायचा. परकं बीज त्यांनीही घेतलं: 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, 'शपथ' त्याच्याच 'इट'वर. फरक असा, की धारपांचं संकट येतं तेव्हा घरात देवापुढे निरांजन तेवत असतं, वरच्या मजल्यावरची एक खोली वर्षानुवर्षं कुलूपबंद असते, आणि 'तिकडे जाऊ नकोस' एवढंच म्हणून म्हातारी माणसं गप्प होतात. कुलूप का, ते कुणी सांगत नाही. त्यांच्या कथांतल्या 'समर्थ' या पात्रासारखा नायकही पिस्तूल घेऊन येत नाही, तो साधनेच्या बळावर उभा राहतो. आजीच्या गोष्टीतली भीती आणि छापील कादंबरी तिथे एक झाली. २०१८ साली आलेल्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाचं बीजही धारपांच्याच एका कथेत होतं.

रत्नाकर मतकरींनी आणखी एक पायरी ओलांडली. त्यांच्या गूढकथेत पुष्कळदा भुताची गरजच पडत नाही. 'खेकडा' वाचून मला काही दिवस शेजारच्या शांत माणसांकडे बघवेना. मतकरी १७ मे २०२० रोजी गेले.

घराघरांत केबल आली आणि भाड्यानं पुस्तकं देणारी बरीच वाचनालयं बंद पडली. धारपांची पुस्तकं नव्यानं छापली जातात, आणि रात्री दिवा घालवून कानानं ऐकणारा एक नवा वाचकही त्यांना मिळाला आहे. अर्नाळकरांच्या हजारातली थोडीच पुन्हा निघाली. बाकीची अधूनमधून रद्दीच्या दुकानात भेटतात, बहुतेक वेळा मुखपृष्ठ गेलेली.